एकशे ब्याण्णव मतांचा गड

१९६२ ते २०२४ या काळात सांगोल्याने विधानसभेसाठी पंधरा वेळा आमदार निवडला. चौदा सार्वत्रिक निवडणुका आणि मधली एक पोटनिवडणूक. त्यांतल्या बारा वेळा शेतकरी कामगार पक्षाचा (शेकापचा) माणूस मुंबईला गेला, आणि या बारांतल्या अकरा वेळा तो माणूस एकच होता: गणपतराव देशमुख. काँग्रेसच्या लाटा आल्या, जनता पक्ष आला आणि फुटला, युतीचे राज्य आले, मोदींची लाट आली, पण सांगोल्यातून लाल बावटा हलला नाही, असे चित्र वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे रंगवत आली. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. १९९५ साली हाच मतदारसंघ शेकापच्या हातून १९२ मतांनी गेला, २०१९ साली ७६८ मतांनी. दोन्ही मिळून ९६० मते. एखाद्या मोठ्या वाडीतही तेवढे मतदार असतात. सांगोल्यात शेकापच्या विरोधात जवळजवळ निम्मा तालुका नेहमीच उभा होता. तो निम्मा एकत्र येतो का, एवढाच दर निवडणुकीतला प्रश्न असे.

सांगोला हा सोलापूर जिल्ह्याचा नैर्ऋत्य कोपरा. उत्तरेला माळशिरस आणि पंढरपूर, पूर्वेला मंगळवेढा, पश्चिमेला आटपाडी, दक्षिणेला जत. माण नदी तालुक्यातून वाहते, म्हणजे पावसाळ्यात मनात आले तर वाहते. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक परतीचा. खिल्लार जनावरे, मेंढरे, बाजरी आणि हस्ताच्या भरवशावर पेरलेली ज्वारी, असा हा माणदेशी संसार. शेजारच्या माळशिरसात नीरेच्या कालव्याने ऊस आणला, उसाने साखर कारखाना आणला आणि कारखान्याने अकलूजच्या मोहिते-पाटलांचे राजकारण उभे केले. पश्चिम महाराष्ट्रातली काँग्रेस बहुतेक ठिकाणी अशीच वाढली: आधी पाणी, मग ऊस, मग कारखाना, बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था आणि सगळ्यांच्या वर आमदारकी. सांगोल्यात पहिली पायरीच नव्हती. सभासदाचा ऊस नेणारा, त्याला उचल देणारा, त्याच्या पोराला नोकरीला लावणारा कारखाना हाताशी नसेल, तर काँग्रेसचा तालुका पुढारी फक्त भाषणावर जगणार. शेकाप इथे टिकला त्याची कारणे अनेक सांगितली जातात, मला हे सर्वांत मोठे वाटते.

कारण बाकी ठिकाणी तो टिकला नाही. १९४७ साली शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष काढला, १९५० साली दाभाडीला मार्क्सवादी प्रबंध मंजूर केला, आणि काही वर्षांतच खुद्द जेधे स्वगृही परतले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने पक्षाला नवे बळ दिले खरे, पण राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचे राजकारण सुरू केले आणि गावोगावचे शेकापचे कर्ते लोक एकेक करून तिकडे जमा होऊ लागले. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या, शेकापला १५ मिळाल्या. त्या पंधरांत एक सांगोला होते.

गणपतराव तेव्हा पस्तिशीतले. मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, वकिलीसाठी सांगोल्यात आलेले. म्हणजे तालुक्यात ना सातबारा ना भावकी. पक्षातल्या रिवाजाप्रमाणे कागदोपत्री ते ‘भाई’, गावात ‘आबा’, आणि वय वाढत गेले तसे ‘आबासाहेब’. ते धनगर समाजाचे होते आणि सांगोल्यात धनगरांची संख्या मोठी आहे, हे दर निवडणुकीच्या विश्लेषणात पहिल्या वाक्यात येते. पण एका जातीच्या मतावर अकरा निवडणुका जिंकता येत नाहीत. मराठा पुढाऱ्यांच्या हाती राहिलेल्या सोलापूरच्या राजकारणात एका धनगर वकिलाला मराठा, माळी, दलित अशा सगळ्या वस्त्यांतून मते मिळत राहिली, हे जास्त महत्त्वाचे. आणि शेकापला महाराष्ट्रात ‘मराठ्यांचा पक्ष’ म्हणून हिणवले जात असताना सांगोल्यात त्याचा चेहरा वेगळाच होता, ही गंमतही ध्यानात ठेवावी.

१९६७ साली ते पुन्हा आले. १९७२ साली मात्र पडले. बांगलादेशच्या युद्धानंतरची ती निवडणूक. इंदिरा गांधींच्या नावावर काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा नेल्या आणि शेकाप सातवर आला. सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. मतमोजणीनंतर काही महिन्यांतच पाऊस चुकला आणि महाराष्ट्राला त्या शतकातल्या सर्वांत भीषण दुष्काळाने धरले. माणदेशात माणसे खडी फोडायला बसली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, जिथे काम निघेल तिथे बिऱ्हाड. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच दिवसांत आकाराला आली, आणि कामावर मजुरी वेळेत मिळावी, रेशनचे धान्य मिळावे यासाठी डाव्या पक्षांनी मोर्चे काढले ते याच मजुरांचे. शेकापचा लाल बावटा पुन्हा कुणाच्या हाती आला असेल तर तो खडी केंद्रावरच्या बायाबापड्यांच्या. साळुंखे-पाटलांच्या निधनामुळे १९७४ साली पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव परत विधानसभेत गेले. दुष्काळ पडला नसता तर हे इतक्या सहज घडले असते का, याचे उत्तर कुणी देऊ शकणार नाही. मात्र त्यानंतरच्या सांगोल्याच्या प्रत्येक निवडणुकीत पाणी आणि रोजगार हे दोनच विषय राहिले, यात शंका नाही.

पुढची वीस वर्षे शेकापची सरळ रेघ आहे: १९७८, १९८०, १९८५, १९९०. या वर्षांत मतदारसंघात फार काही घडले नाही, जे घडले ते मुंबईत. आणीबाणीनंतर १९७७–७८ मध्ये गणपतराव विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७८ च्या निवडणुकीत शेकापचे १३ आमदार आले, आणि जुलैमध्ये शरद पवारांनी वसंतदादा पाटलांचे सरकार पाडून पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार बनवले तेव्हा गणपतराव मंत्री झाले. ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. पुढचे मंत्रिपद त्यांना मिळाले ते थेट १९९९ साली, विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात, पणन आणि रोजगार हमी खात्याचे. तेही २००२ साली शेकापने पाठिंबा काढून घेतल्यावर संपले. पन्नासेक वर्षांच्या आमदारकीत मंत्रिपद जेमतेम चार वर्षांचे. सत्तेतला आमदार असता तर तालुक्याचे भले झाले असते, हा विरोधकांचा कायमचा मुद्दा होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. विरोधी बाकावरच्या आमदाराच्या हाती निधी नसतो. प्रश्न विचारणे, लक्षवेधी लावणे, मंत्रालयात फाईलीच्या मागे फिरणे आणि ते जमले नाही तर मोर्चा काढणे, एवढेच असते.

त्यातून मग सूतगिरणी झाली. सांगोल्याच्या माळावर कापसाचे पीक नाही, आणि नेमकी तिथे ऐंशीच्या दशकात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. कापूस बाहेरून आणायचा, सूत इथे काढायचे, पोरांना काम द्यायचे. शेजारच्या तालुक्यांत जे साखर कारखान्याने केले ते इथे सूतगिरणीने करायचा प्रयत्न केला, फरक इतकाच की ती काँग्रेसच्या हाती नव्हती. राज्यातल्या कितीतरी सहकारी सूतगिरण्या कर्जात बुडाल्या, तेव्हा सांगोल्याची चालू राहिली म्हणून तिचे कौतुक झाले. शेकाप साधा आणि निरिच्छ होता म्हणून जिंकला, असे म्हणणाऱ्यांनी ही गिरणी विसरू नये. पक्षाला इथे संस्थेचा आधार होता. गणपतराव एसटीने फिरत, आमदार निवासात राहत, साधे कपडे घालत. हे सगळे खरे आहे आणि दुर्मीळही. पण एसटीच्या प्रवासाने मन जिंकता येते, मतदान केंद्रावर माणूस उभा करायला गावोगाव गट लागतो. तो त्यांच्याकडे होता.

दुसरा बदल बागांचा. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. खड्डे काढायची मजुरी सरकार देणार, रोपे सरकार देणार. सांगोल्याच्या मुरमाड जमिनीला डाळिंब मानवले. गणेश, मग भगवा. ठिबकच्या नळ्या माळांवर पसरल्या, टँकरने बागा जगवल्या गेल्या आणि ज्यांचे बाप खडी फोडायला गेले होते त्यांच्या दारात गाड्या आल्या. पुढे तेल्या रोगाने आणि मर रोगाने अनेक बागा खाल्ल्या, तो भाग वेगळा. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे पंतप्रधानांनी सोडली ती सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. ज्या स्थानकावरून एके काळी दुष्काळात माणसे बाहेर पडली, तिथून आता फळे बंगालला निघाली. बागायतदार झालेला मतदार मजुरासारखे मत देत नाही, हे मात्र शेकापला उशिरा कळले असावे.

१९९५ चा पराभव या सगळ्याच्या मधोमध येतो. चिकमहूदचे शहाजीबापू पाटील, काँग्रेसचे तरुण उमेदवार. बोलायला फर्डे, गावच्या पारावर बसून मंत्र्यासंत्र्यांची नक्कल करू शकतील असे. राज्यभर काँग्रेस कोसळत होती: २८८ पैकी ८० जागा, पंचेचाळीस अपक्ष, शिवसेना-भाजपचे पहिले सरकार. आणि त्याच वर्षी सांगोल्याने तीस वर्षांहून अधिक काळ आमदार राहिलेल्या गणपतरावांना १९२ मतांनी घरी बसवून काँग्रेस निवडली. सत्तेतला आमदार पाहिजे म्हणून तालुक्याने बदल केला असेल, तर नशिबाने थट्टा केली म्हणायची. बापू निवडून आले आणि विरोधी बाकावरच जाऊन बसले.

विधानसभेबाहेर पडलेल्या गणपतरावांची ती साडेचार वर्षे मला त्यांच्या मंत्रिपदांपेक्षा मोलाची वाटतात. १९९३ साली आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू झाली होती. वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव, असे तिघे वेगवेगळ्या पठडीतले लोक एका मांडवात आले. मागणी साधी होती: कृष्णा खोऱ्याचे पाणी तेरा दुष्काळी तालुक्यांना समन्यायाने द्या. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी दिले होते, आणि मे २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकणार होता. तोवर अडवले नाही तर हक्क जाईल, ही भीती परिषदेने गावागावात नेली. युती सरकारने १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ काढले आणि टेंभू योजनेला हात घातला. कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलायचे, टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवायचे आणि खानापूर, तासगाव, आटपाडी करत सांगोल्यात सोडायचे. सांगोला टोकाला. म्हैसाळ योजनेचेही तसेच, नीरा उजव्या कालव्याचेही तसेच. कोणतीही योजना घ्या, सांगोला तिच्या टेलला. आवर्तन सुटले की वरचे आधी घेणार, टोकाला उरेल ते येणार, आणि न आले तर आमदाराने जाब विचारायचा. तालुक्याच्या राजकारणाचा निम्मा भाग या एका वाक्यात मावतो.

१९९९ साली काँग्रेस फुटली, राष्ट्रवादी निघाली, आणि विरोधकांचा निम्मा तालुका दोन भागांत वाटला गेला. गणपतराव परत आले. मग २००४, २००९, २०१४. २००८ च्या पुनर्रचनेत पंढरपूर तालुक्यातला भाळवणीचा भाग सांगोल्याला जोडला गेला आणि मतदारसंघ नव्या माढा लोकसभेत गेला, तरी निकाल बदलला नाही. समोर बहुतेक वेळा शहाजीबापूच. २०१४ ला त्यांनी शिवसेनेच्या धनुष्यबाणावर लढत दिली आणि पंचवीस हजारांच्या आसपास मतांनी हरले. गणपतराव तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. देशातला विक्रम म्हणून त्या विजयाच्या बातम्या झाल्या. महाराष्ट्रातला तो विक्रम आहेच, पण देशाचा म्हणताना केरळकडे पाहायला हवे. पाला मतदारसंघातून के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले आणि पुथुप्पळ्ळीतून ओमन चंडी बारा वेळा, तेही सलग. गणपतरावांचे मोठेपण त्या आकड्यावर अवलंबून नाही, म्हणून हे स्पष्ट सांगायला हरकत नाही.

एक आकडा मात्र खराच बोलका आहे. शेकापच्या राज्यातल्या जागा १९९० ला आठ, १९९५ ला सहा, १९९९ ला पाच, २००४ ला दोन, २००९ ला चार, २०१४ ला तीन. रायगड आणि सांगोला सोडले तर पक्ष जवळजवळ आठवणीपुरता उरला. अशा पक्षाच्या तिकिटावर निवडून येणारा माणूस मते पक्षाची घेत होता की स्वतःची, हे २०१९ मध्ये कळणार होते.

त्या वर्षी गणपतरावांनी वयामुळे उभे राहण्यास नकार दिला. पक्षाने आधी घराबाहेरचा एक उमेदवार जाहीर केला. कार्यकर्ते नाराज झाले, आणि नाव बदलून आबांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना तिकीट दिले गेले. घराणेशाहीवर कायम टीका करणाऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनीच घरातला माणूस मागून घेतला. त्याला विसंगती म्हणावे की व्यवहार, हे ज्याचे त्याने ठरवावे. शेकाप काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीत होता, पण राष्ट्रवादीचे जवळ्याचे दीपक साळुंखे, तालुक्याचे ‘दीपकआबा’, उघडपणे शहाजीबापूंच्या व्यासपीठावर गेले. त्याच वर्षी तालुक्यात चारा छावण्या लागल्या होत्या, आणि जूनमध्ये फडणवीस सरकारने नीरा देवघरचे बारामतीकडे जाणारे पाणी थांबवून फलटण, माळशिरस, सांगोल्याकडे वळवायचा निर्णय घेतला होता. पाण्याचा मुद्दा पहिल्यांदाच शेकापच्या हातून निसटून समोरच्या बाजूला गेला. बापू ९९,४६४, अनिकेत ९८,६९६. फरक ७६८.

३० जुलै २०२१ रोजी गणपतराव गेले, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. सूतगिरणीच्या आवारात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. कोरोनाचे दिवस असूनही तालुका लोटला.

वर्षभरात सांगोल्याचे नाव देशभर झाले, ते वेगळ्याच कारणाने. जून २०२२ मध्ये शिवसेनेतल्या बंडात एकनाथ शिंदेंबरोबर गुवाहाटीला गेलेल्या शहाजीबापूंनी एका कार्यकर्त्याला फोनवर तिथले वर्णन ऐकवले आणि ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ घरोघरी पोचले. शहरातल्या लोकांना तो विनोद वाटला. माणदेशातल्या माणसाला झाडी आणि डोंगर पाहून हरखून जाण्यात हसण्यासारखे काय आहे, हे मला अजून समजलेले नाही. शिंदे सरकारने नंतर सांगोला उपसा सिंचन योजनेला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देऊन मंजुरी दिली आणि बापू निधीचे आकडे सभेत पाठ म्हणून दाखवू लागले. तालुक्याला अखेर सत्तेतला आमदार मिळाला होता, आणि त्याने कामे आणली नाहीत असे त्याचे विरोधकही म्हणत नव्हते.

तरी २०२४ ला ते पडले. महाविकास आघाडीत सांगोल्याची जागा शेकापने मागितली, ती उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेने स्वतःकडे ठेवली आणि आपले मशाल चिन्ह दिले कोणाला, तर दीपकआबांना. शेकापने आघाडी झुगारून आबासाहेबांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना उभे केले. २३ नोव्हेंबरला निकाल लागला तेव्हा बाबासाहेबांना सुमारे १ लाख १६ हजार मते होती, शहाजीबापूंना ९१ हजारांच्या आसपास, आणि दीपकआबांना जवळपास ५१ हजार. महायुतीने राज्य धुऊन काढले त्या दिवशी शेकापचा सबंध महाराष्ट्रात एकच आमदार निवडून आला, तो इथला.

बापू आणि दीपकआबा यांच्या मतांची बेरीज केली तर ती १ लाख ४१ हजारांवर जाते, विजयी उमेदवारापेक्षा पंचवीस हजारांनी जास्त. २०१९ ला हे दोघे एका व्यासपीठावर होते आणि शेकाप ७६८ मतांनी हरला. २०२४ ला वेगवेगळ्या व्यासपीठांवर गेले आणि शेकाप पंचवीस हजारांनी जिंकला.